‘दहा टक्के सूट’ देऊन जवळपास चौपट पैसे घेतले

आत्याच्या किमोसोबत द्यायचं एक इंजेक्शन आम्ही नाशिकमधल्या खासगी रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेत होतो. एमआरपी ९,८०० रुपये. "तुम्हाला दहा टक्के कमी करून दिलंय," असं काउंटरवर सांगायचे. बाहेरून आणू का विचारलं, की उत्तर ठरलेलं: थंड ठेवायचं औषध आहे, बाहेरच्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. आत पेशंटला सलाईन लावलेलं असताना कोण वाद घालणार?

एकदा तिथला साठा संपला आणि सिस्टरनीच गोळे कॉलनीतल्या औषधांच्या बाजारात पाठवलं. तीच कंपनी, तेच नाव, तीच छापील किंमत. बर्फाच्या पिशवीसकट, पक्क्या बिलावर मिळालं २,४०० रुपयांना! त्या दुकानदारालाही त्यात काही सुटलंच असणार. मग रुग्णालयाला ते केवढ्याला पडत असेल?

तक्रार करायला निघालो तेव्हा कळलं, की एमआरपीच्या आत विकलं तर कायदा मोडतच नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार शेड्यूलमधल्या, म्हणजे सरकारच्या अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं आणि त्यात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरतं. आमचं इंजेक्शन शेड्यूलबाहेरचं. त्याची एमआरपी कंपनीच ठरवते. बंधन एवढंच, की वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. मग ज्या ब्रँडची छापील किंमत मोठी आणि खरेदीभाव लहान, तोच रुग्णालयाच्या कपाटात येतो. निवड त्यांची, पैसे आपले. स्वस्त ब्रँड ठेवला तर त्यांचाच नफा घटतो. कॅन्सरच्या पेशंटच्या जिवावर हे चालतं, याची मला मनापासून चीड येते.

सरकारला हे ठाऊक आहे. २०१८ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर कंपनी आणि पेशंट यांच्या मधल्या विक्री-साखळीच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली आणि काही ब्रँडच्या किमती ८७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. कंपन्या त्यासाठी बंद पडल्या नाहीत. तीच मर्यादा शेड्यूलबाहेरच्या सगळ्या औषधांना लागलीच पाहिजे.

तोवर, घरात कुणाची किमो सुरू होणार असेल तर आधीच डॉक्टरांकडून औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव आणि मात्रा लिहून घ्या, आणि बाहेर दोन-तीन दुकानांत विचारा. एमआरपी विचारू नका, "कितीला द्याल?" असं विचारा. रुग्णालयाच्या मेडिकलमधूनच घेणं बंधनकारक नाही. तसा फलक लावायला महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी "बाहेरचं चालणार नाही" म्हणाले, तर ते लेटरहेडवर लिहून मागा. थंड ठेवायचं औषध बर्फाच्या डब्यातूनच आणा, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहत नाही, आणि बॅच नंबर असलेलं बिल जपून ठेवा. एमआरपीहून एक रुपयाही जास्त लावला, तर एनपीपीएच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करता येते.