भिंतीवरची दिनदर्शिका आणि पणजीचा समुद्र : दहा महिने वापरून झाल्यावर

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला दिनदर्शिका टांगलेली असते. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी आला, एवढ्यापुरताच तिचा उपयोग होता. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र पणजीच्या चारही सहली मी तिच्यावर आखल्या. दहा महिने झाले, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाला लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर घेऊन तीन-चार दिवस समुद्रावर जायचं असेल, तर त्यांना उपयोग होईल.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही असेच उठून गोव्याला गेलो होतो. किनाऱ्यावर सकाळी साडेनऊला चटई अंथरली, पिशव्या ठेवल्या, धाकटी वाळूत किल्ला करायला बसली. अकराच्या आत पाणी चटईला लागलं. पळापळ झाली, एक पिशवी भिजली, तीत आत्यांच्या गोळ्या होत्या. (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात.) आत्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज पुनव नाय काय गो? पाणी चढतलाच." मी म्हटलं, आत्या, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "तू इचारलंस खंय?"

त्या रात्री त्यांनी मला त्यांच्या वडिलांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हीच वेळ पहाटेचीही आणि दुपारची किंवा संध्याकाळचीही. तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. मी हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे हे ऐकून मला झोप येईना. ३० तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळातून २४ तासांची एक फेरी पूर्ण करते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी त्याची ४५ केली, कारण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, सगळ्यांना पाठ होती. तिथीमागे तीन मिनिटं मागे पडतात, ती पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तास होतात. चंद्रावर चालणारी गोष्ट चंद्राच्याच दिनदर्शिकेत बघायची, हे इतकं सरळ असून मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पणजीसाठी यात एक दुरुस्ती लागते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. पणजीला भरती सुमारे तासभर आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला मागे पडलेला पाऊण तास आणि हा आधीचा तास एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात, म्हणून त्या दिवशी नुसती पाऊणपट पुरते : पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि पणजीला पाणी अकराच्या आसपास चढलेलं असतं. चारही सहलींत मी पाण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. चतुर्दशी ते द्वितीया या दिवसांत हिशेब वीसेक मिनिटांत बसला. सप्तमी-अष्टमीला मात्र पाऊण तास, कधी त्याहून जास्त चुकला. त्याचंही कारण आहे. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच पुढे सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तासाहून जास्त सरकते. ४८ ही फक्त सरासरी.

आता याचा सहलीला उपयोग काय? आमच्यापुरता सगळ्यात मोठा उपयोग आत्यांच्या गुडघ्यांना झाला. कोरड्या, भुसभुशीत वाळूत त्यांना चार पावलं टाकता येत नाहीत. ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर त्या काठी टेकत अर्धा तास चालतात. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती दुपारी अकरा-बाराला असते, म्हणजे ओहोटी बरोबर पहाटे आणि संध्याकाळी येते. उन्हाचं तापमान आणि पाण्याची वेळ या दोन्ही गोष्टी त्या दिवसांत आपल्या बाजूने असतात. सकाळी सहा ते आठ किनारा, दुपारी पाणी वर चढलेलं असताना आपण जेवून पंख्याखाली, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा रुंद किनारा. अष्टमीला नेमकं उलटं होतं. किनारा रुंद असतो तो भर दुपारी, वाळू तापलेली असताना, आणि सूर्यास्ताला पाणी वर असतं.

पहिली सहल दसऱ्याच्या सुट्टीत, कोजागरीला जोडून केली. चतुर्दशीला निघालो आणि तृतीयेला परत आलो. हे दिवस निवडण्यामागे दुसरंही कारण आहे, आणि ते कुठल्याही प्रवासाच्या ॲपमध्ये मिळायचं नाही. आत्यांची एकादशी असते, माझी संकष्टी असते. गोव्याला जाऊन उपास सोडायची वाट बघत बसायचं आणि समोर बाकीचे बांगडा खातात, हे मी एकदा केलंय. एकादशी मागे पडलेली आणि संकष्टी अजून यायची, अशी फट बघितली तर ती चतुर्दशी ते तृतीया हीच निघते. समुद्राचा चांगला काळ आणि ताटाचा चांगला काळ एकाच खिडकीत बसतात. अमावास्येच्या बाजूलाही हेच दिवस चालतात. फक्त आत्या अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी निघायचं.

त्या कोजागरीच्या संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पश्चिमेला सूर्य पाण्यात बुडत होता आणि मागे झाडांच्या वर चंद्र चढत होता. पौर्णिमेला हे दोन्ही एकाच वेळी होतं, हे मी मुलांना फळ्यावर कितीदा तरी काढून दाखवलंय, पण ओल्या वाळूत उभं राहून दोन्हीकडे मान वळवून बघितलं ते पहिल्यांदाच. मसाला दूध घरूनच नेलं होतं, थर्मासमध्ये. मिरामारला आम्ही पाण्यात उतरत नाही, ते जाता जाता सांगून ठेवते. मांडवीचं मुख तिथंच आहे आणि प्रवाहाला ओढ असते. चालायला, बसायला ती जागा उत्तम. पाण्यात उतरायचं तर जीवरक्षकांनी लाल-पिवळे बावटे लावलेल्या टप्प्यातच उतरावं.

दुसरी सहल फसली, आणि चूक माझी होती. डिसेंबरात दुसरी सवड नव्हती म्हणून पहिल्या पंधरवड्यातला शनिवार-रविवार धरला. तिथी सप्तमी-अष्टमीची. शिवाय ८ डिसेंबर हा पणजीच्या मोठ्या पांढऱ्या चर्चच्या फेस्ताचा, म्हणजे उत्सवाचा, दिवस. त्याआधी ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त झालेलं. खोल्या महाग, रस्ते भरलेले, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर पाणी वर. आत्या बाकावरच बसून राहिल्या. आपल्याकडच्या दिनदर्शिकेत नाताळ असतो, गुड फ्रायडे असतो, पण गोव्यातली फेस्तं नसतात. हा तिचा मोठा दोष. तेव्हापासून नवी दिनदर्शिका आली की मी लाल पेनाने स्वतः भरते : ही दोन फेस्तं, फेब्रुवारी-मार्चमधला कार्निव्हल, फाल्गुन पौर्णिमेनंतरच्या शिगम्याच्या मिरवणुका, नोव्हेंबरातला चित्रपट महोत्सव (२००४ पासून तो पणजीलाच भरतो). शिगमो बघायला मुद्दाम जावं, पण समुद्रासाठी जाणार असाल तर हे दिवस टाळा. शुक्रवारी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं, तेही त्याच पेनाने लिहून ठेवलंय.

रस्त्याबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या भागातून जाणाऱ्याचा पहिला दिवस त्याच्यावरच ठरतो. आम्ही जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असेच जातो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण साडेतीन तास धरून चाला. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथं थांबून डबा खायचा हा आमचा नेम. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून खोलीचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून घ्यावा. घाट उतरताना अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं की मुलं ओरडतात, "आला गोवा!" एकच सावधगिरी बाळगा. घाट उतरल्यावर लागतं ते केरी सत्तरीतलं, आणि समुद्राकाठची केरी पेडण्यात, तेरेखोलच्या अलीकडे. आमच्या शेजारच्या वहिनींनी मुक्काम 'केरी' एवढंच बघून ठरवला आणि समुद्राऐवजी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोचल्या. तालुका बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरी सहल फेब्रुवारीत, आणि तीच मला सगळ्यात जास्त आवडली. या वेळी किनारा नकोच, चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचं, असं थोरल्याने ठरवलं. त्याला पक्ष्यांचं वेड आहे. तिथं कांदळवनाच्या खाडीत होडी आत शिरायची तर पाणी भरलेलं हवं, आणि पक्षी बघायचे तर सकाळ हवी. म्हणजे सकाळी सातला भरती असेल अशी तिथी शोधायची. उत्तर आलं दशमी : दहा पाऊणे साडेसात, मागे पडलेला अर्धा तास मिळवला की आठ, पणजीचा एक तास वजा केला की सात. गणिताच्या तासाला देता येईल असं उदाहरण! रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने पलीकडे गेलो, पायी जाणाऱ्याला तेव्हा पैसे पडले नाहीत. होडी झाडांच्या मुळांमधून सरकत होती, खंड्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात होता आणि थोरला बोलायचंच विसरला. परतताना पाणी उतरायला लागलं, चिखल उघडा पडला, आणि त्यावर निवट्या उड्या मारायला लागल्या. मासा चिखलात चालतो, यावर धाकटीचा अजून विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी आत्यांची एकादशी होती, तेवढं सोसलं त्यांनी.

चौथी सहल एप्रिलची. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुट्टी लागते, महाराष्ट्रातल्या मुलांच्या परीक्षा तेव्हा संपलेल्या नसतात. सीमेवर राहण्याचा हा फायदा आपण घ्यायला हवा : मे महिन्याची गर्दी गोव्यात उतरण्याआधी आपली सहल होऊन जाते. चैत्र पौर्णिमेला धरून गेलो. तिथी चांगली, वेळा जुळत होत्या, आकाश निरभ्र, वारासुद्धा नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर लाल बावटा. लाटा उंच येत होत्या आणि परत जाताना वाळू ओढून नेत होत्या. जीवरक्षकाने समजावलं, की लांबच्या समुद्रात वादळ झालं तरी त्याच्या लाटा काही दिवसांनी इथं येऊन धडकतात, इथं वारा असो वा नसो. हे तिथीत दिसत नाही. भरती कधी येईल ते चंद्र सांगतो, लाट केवढी येईल ते तो सांगत नाही. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी इन्कॉइसचा लाटांचा इशारा बघते. हैदराबादची ही केंद्र सरकारची संस्था आहे, भरतीच्या नेमक्या वेळाही तिथं मिळतात. दोन महिने आधी तारखा ठरवायला दिनदर्शिका, आदल्या दिवशी खात्री करायला इन्कॉइस आणि पाण्यात पाय घालण्याआधी बावटा, हाच आता आमचा क्रम. मुलं बरोबर असताना नुसत्या पाऊणकीवर कुणीही पाण्यात उतरू नये, हे मी हात जोडून सांगते.

आणखी एक खाचखळगा तिथीच्याच हिशेबातला. दिनदर्शिकेत चौकोनात छापलेली तिथी त्या दिवशी सूर्योदयाला असलेली असते. ती सकाळी आठला संपली, तर दिवसभर पुढचीच तिथी चालते. कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी तीच तिथी दोन दिवस छापलेली असते. तिथी कधी संपते ती वेळ बारीक अक्षरात दिलेली असते, ती बघायची सवय लावून घ्या. एवढं केलं की तिथी चुकत नाही.

जून-जुलैत आम्ही गेलो नाही. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नसतंच, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे ताटातही मजा नाही. घाटात धुकं असतं ते वेगळंच. या दोन महिन्यांत मी वही नीट उतरवून काढली आणि पुढच्या कोजागरीच्या चौकोनाभोवती गोल केला. आत्यांनी तो बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ह्या वेळेक मधल्या दिवसाक वेंगुर्ल्याक जाव या गो. माझ्या बाबांची पाण्याची खूण दाखवतंय तुका." तेरेखोलची खाडी ओलांडून वेंगुर्ल्याला किती वेळ लागतो, ते आता बघायला घेतलंय.