हेरॉन की पाया-उंची? वाकडीतिकडी जागा मोजायची असेल तर

चारही बाजू मोजल्या म्हणून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, हे माहीत असेलच. सगळ्या बाजू 5 असताना चौरसाचं 25 येतं, तोच जरा दाबून कर्ण 8 आणि 6 केले की 24, अजून दाबला तर आणखी कमी. म्हणजे कर्ण टाकून त्रिकोण पाडणं आलंच. प्रश्न पुढचा आहे, त्रिकोण तीन बाजूंवरून हेरॉनच्या सूत्राने (तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं काढायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, आणि त्या अर्ध्याचा व तिन्ही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचं) सोडवायचा की पाया आणि उंची घ्यायची (दोन्हींच्या गुणाकाराचं अर्धं)?

हेरॉन मला मनापासून आवडतो. नुसता टेप पुरतो, काटकोन शोधत बसायला नको, आणि 13, 14, 15 सारखा भरलेला, म्हणजे चपटा नसलेला, त्रिकोण असेल तर दोन्ही रीतींनी 84 च येतं. वर्गमूळ काय, मोबाईल काढतो.

पण चपटा त्रिकोण आला की मला तो नकोसा होतो. समजा बाजू 100, 50 आणि 50.1 मीटर, क्षेत्रफळ साधारण 112 चौ.मी. आता टेप जरा सैल पडला आणि 50.1 चं 50.2 वाचलं गेलं की थेट 158! दहा सेंटिमीटरपायी 46 चौ.मी. चा फरक, आणि लांबट निमुळत्या जागेत असे त्रिकोण पडतातच, मी टेप ताणून धरला, परत परत मोजलं, तरी दरवेळी आकडा वेगळा, मग भरवसा कुठल्यावर ठेवायचा?

तोच त्रिकोण पाया-उंचीने घ्या. पाया 100, उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. उंचीत तेवढेच दहा सेंटिमीटर चुकले तर फरक 5 चौ.मी., बस. पाया दहाने चुकला तर काही जाणवतच नाही. काटकोनाची भीतीही जरा जास्तच घेतली जाते असं माझं मत, लंब 5 अंशांनी तिरका गेला तरी लांबी अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही. शिवाय टेपचं टोक कोपऱ्यावर धरून दुसरीकडून पायाच्या रेषेवर मागेपुढे करत गेलं की सगळ्यात कमी रीडिंग येतं तीच उंची.

दोरी ताणून पायाची रेषा धरावी लागते, एकट्याला ते कटकटीचं आहे, मान्य. त्रिकोण भरलेले असतील आणि मदतीला कोणी नसेल तर हेरॉन बिनधास्त घ्या. पण दोन बाजूंची बेरीज तिसरीच्या जवळपास येत असेल तर मी तरी दोरीच ताणेन, आणि पाया म्हणून सगळ्यात लांब बाजू घेईन, म्हणजे लंब त्रिकोणाच्या आतच पडतो.