‘घ’ आणि ‘ध’मधला एक ठिपका: २४ इंची मॉनिटर आणि तीन ब्राउझर

दिवाळीनंतर मी २७ इंची मॉनिटर घरी आणला आणि नवव्या दिवशी रिक्षात घालून परत नेला. बदल्यात २४ इंची आणला. त्याला आता चार महिने होत आले, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव देत नाही. या मापाचे मॉनिटर सगळेच बनवतात आणि घेताना बघायच्या गोष्टी सगळ्यांत त्याच आहेत.

माझा धंदा ठिपक्यांचा. ३१ वर्षं मी चादरीची डिझाइनं काढली. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचा. भरलेला चौकोन म्हणजे पत्त्याला भोक, भोक म्हणजे जकार्डचा (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचा) हुक वर, हुक वर म्हणजे तो धागा वर. मोर असो, गुलाब असो, नाहीतर काठावरचं कारखान्याचं नाव असो, सगळं चौकोनांत बसवायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर पेपर वाचायला, पीएफची साइट बघायला आणि नातीबरोबर व्हिडिओ बघायला संगणक घेतला, तेव्हा मला वाटलं, आपल्याला यात कोण काय शिकवणार?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, डोळ्यांचा त्रास आहे ना? मग मोठाच घ्या. मोठा स्क्रीन, मोठी अक्षरं.” मीही मान डोलावली. खोक्यावर ‘फुल एचडी’ लिहिलं होतं, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. २४ इंची खोक्यावरही नेमकं तेच लिहिलेलं होतं. तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. ठिपके तेवढेच आणि कापड मोठं, म्हणजे वीण विरळ.

घरी आणून लावला. इंग्रजी ठीक दिसत होतं. मराठी पेपर उघडला तर बातमी ‘धरण’ची की ‘घरण’ची, ते अंदाजाने ठरवावं लागत होतं. ‘भ’ आणि ‘म’चं तेच, ‘रु’ आणि ‘रू’ तर जुळे भाऊ. शेजारचे अण्णा आले. पद्मशाली माणूस, हयात मागावर गेली. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “काय बे, अक्षरं चादरीवरच्यागत दिसूलालेत की!”

अण्णांनी दोन शब्दांत रोग ओळखला. आमच्या काळी काठावर मराठी नाव विणायचं म्हटलं की डिझायनरच्या पोटात गोळा यायचा. इंग्रजी अक्षर सात-आठ चौकोनांच्या उंचीत बसतं. देवनागरीला आधी शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट्य’सारखी गर्दी. त्याला चौकोन जास्तच लागतात. ‘घ’ आणि ‘ध’मध्ये फरक किती? डोक्यावर रेघ मिटलेली की उघडी. बारीक अक्षरात तो एका ठिपक्याचा खेळ असतो. मॉनिटरबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी वाचणाऱ्यांनी इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी दिलेले असतात, त्यात हा ठिपका कुणी मोजत नाही.

मग आकडेमोड केली. २७ इंचीवर फुल एचडी म्हणजे एका इंचात साधारण ८२ ठिपके. २४ इंचीवर ९२. साडेएकवीस इंचीवर १०२. पुण्यातला भाचा म्हणाला, “मामा, २७ इंचच पाहिजे तर २५६० बाय १४४० चा घ्या.” तो इंचाला १०९ ठिपके देतो. सल्ला बरोबर होता, पण त्या दिवशी खिसा बरोबर नव्हता. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, तर २७ इंचात इंचाला १६३ ठिपके देतो, मराठी छापल्यासारखी दिसते म्हणे. तो मी दुकानात लांबूनच पाहिला.

भाच्याने त्याआधी एक उपाय फोनवर सांगितला होता, तो मात्र करू नका. “रिझोल्यूशन कमी करा, १२८० बाय ७२० ठेवा, अक्षरं मोठी होतील.” झाली. आणि वर धुकं पसरलं. जुन्या डबा मॉनिटरला हे चालायचं. तिथे काचेवर किरण फिरायचा, ८०० बाय ६०० म्हणा की १०२४ बाय ७६८, तो आपला निभावून न्यायचा. आताच्या सपाट मॉनिटरमध्ये ठिपके कायमचे जडवलेले असतात. १२८० चं चित्र १९२० ठिपक्यांवर ताणलं की दोन चौकोनांची जागा तीन हुकांना वाटायची वेळ येते. मधल्या हुकाने काय करायचं? अर्धं वर, अर्धं खाली? मागावर असं काही नसतं, मॉनिटर मात्र मधला फिकट रंग भरून वेळ मारून नेतो आणि आपण डोळे चोळत बसतो. ४०० हुकांच्या जकार्डला ४०० चंच डिझाइन लागतं. मॉनिटरचं जे मूळ रिझोल्यूशन, तेच ठेवायचं.

अक्षरं मोठी करायची जागा वेगळी आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ म्हणून असतं, तिथे मी १२५ टक्के ठेवलंय. यात ठिपके ताणले जात नाहीत, अक्षर मोठ्या मापात नव्याने आखलं जातं. म्हणजे जुना ग्राफ खेचायचा नाही, मोठ्या ग्राफवर मोर परत काढायचा. १२५ टक्क्यांवर वेबसाइटला माझा स्क्रीन १९२० ऐवजी १५३६ रुंद वाटतो. १५० केलं तर १२८०, आणि तिथे काही साइटचा मेनू आक्रसून तीन रेघांत जाऊन बसतो. मला १२५ मानवलं.

खरं सांगायचं तर २७ इंचीवर थोडा अन्यायही झाला. तो मी जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने जोडला होता. त्या केबलमध्ये चित्राची आधी लहर होते आणि मॉनिटर त्या लहरीतून पुन्हा ठिपके शोधतो, कडा तिथेच मऊ पडतात. नवा एचडीएमआयने जोडला. दुकानदाराने फरकाचे पैसे परत दिले नाहीत, त्याबदल्यात ही केबल आणि एक माउस हातात ठेवला. घरात दोन माउस आधीच होते.

आता ब्राउझर. क्रोम, एज आणि फायरफॉक्स असे तिन्ही माझ्याकडे आहेत. यातले क्रोम आणि एज आतून एकाच क्रोमियमच्या मागावर विणलेले आहेत, एज २०२० च्या जानेवारीपासून. फायरफॉक्सचा माग स्वतःचा, गेको नावाचा. त्यामुळे एखादी साइट क्रोममध्ये विस्कटलेली दिसली तर एजमध्ये जाऊन फारसा फरक पडत नाही. फायरफॉक्समध्ये एकदा बघावी.

वाचायला माझा फायरफॉक्स. कारण एकच आणि ते मला फार उशिरा सापडलं. त्याच्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ दाबलं की भाषेच्या लिप्यांची यादी येते. लॅटिन वेगळी, देवनागरी वेगळी, तेलुगू वेगळी, कन्नड वेगळी. प्रत्येकीला स्वतःचा फॉन्ट, स्वतःचं माप आणि ‘याहून लहान नको’ असा आकडा. मी देवनागरीला किमान १८ दिलंय आणि इंग्रजीला हातही लावला नाही. सोलापूरकराला याहून सोयीचं काय असणार? अण्णा माझ्याकडे बसून तेलुगू पेपर वाचतात, त्यांच्या अक्षरांखालीही जोडाक्षरांचे वत्तू लटकतात, त्यांनाही ठिपके जास्त लागतात. त्यांचा आकडा २०. समोरच्या घरातल्या कन्नड मास्तरीणबाई अजून आलेल्या नाहीत, पण जागा तयार आहे.

यात एक मेख आहे. पान कोणत्या भाषेत आहे हे पानाने स्वतः सांगावं लागतं, त्यावरून फायरफॉक्स ठरवतो. काही मराठी साइट मजकूर मराठीत देतात आणि पोटात इंग्रजीची पाटी लावून बसतात. तिथे माझा १८ चा आकडा लागू होत नाही. मग कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह. फायरफॉक्स ११०, १२०, १३३ अशा पायऱ्या चढतो, क्रोम ११०, १२५, १५०. प्रत्येक साइटचं माप दोघेही लक्षात ठेवतात, रोज चढवावं लागत नाही. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ पदावर.

त्याच पाटीमुळे ‘ल’ आणि ‘श’चीही गंमत होते. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदीचे वेगळे. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीचे हे आकार दिलेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि पान ‘मी मराठी’ म्हणालं तरच मराठी रूप दिसतं. बाकीच्यांना हे खटकत नसेल. मी आयुष्यभर अक्षरांच्या कडा मोजल्या, मला खटकतं.

पानावर जाहिरातींची जत्रा भरली असेल तर एफ ९. फायरफॉक्समध्ये रीडर व्ह्यू उघडतो. नुसता मजकूर, पाठीमागे फिकट पिवळट रंग, ओळीची रुंदी आपल्या हातात. ही रुंदी महत्त्वाची. पूर्ण स्क्रीनभर पसरलेली ओळ वाचताना डावीकडे परत येईपर्यंत आपण कुठल्या ओळीवर होतो तेच विसरतं. पेपरवाल्यांनी कॉलम उगाच पाडले नाहीत. रीडर व्ह्यू न उघडणाऱ्या साइटसाठी मी विंडोजची खूण आणि डावा बाण दाबतो, खिडकी अर्ध्यात येते.

एज ठेवलाय तो बायकोसाठी. त्यात पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय आहे, कंट्रोल, शिफ्ट आणि यू. मराठीचे दोन आवाज, आरोही आणि मनोहर. इंटरनेट चालू लागतं. ती खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत असते आणि मनोहर अग्रलेख वाचत असतो. “हा माणूस तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलतो,” असा शेरा मिळालाय. डोळ्यांना खरा आराम यातच आहे, हे मॉनिटरच्या परीक्षणात लिहायला जरा जड जातंय.

क्रोम बँकेला आणि फॉर्मांना. त्यातही फॉन्टचं किमान माप ठरवता येतं, पण सगळ्या लिप्यांना मिळून एकच, म्हणजे मराठीसाठी वाढवलं की इंग्रजीही फुगते. त्याचा वाचनाचा मोड बाजूच्या पट्टीत उघडतो. मला अख्खं पान लागतं. सवयीचा भाग.

तरुणांना हे सगळं रडगाणं वाटेल, पण त्यांनी २००३-०४ ची नेट कॅफे पाहिलेली नाहीत. तासाला पैसे मोजून बसायचं आणि मराठी साइट उघडली की तिचा स्वतःचा फॉन्ट आधी उतरवून घ्यायचा. नाही घेतला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. काही साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच दिसायच्या, खाली ‘८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसेल’ अशी सूचना. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची एकच संकेतपद्धत, आलं तरी विंडोज एक्सपीमध्ये सीडी घालून भारतीय भाषा बसवाव्या लागत, नाहीतर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन उभी. तो एक्सप्लोरर २०२२ च्या १५ जूनला निवृत्त झाला, माझ्यानंतर.

मॉनिटरबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एक, त्याचा पाय. वरखाली होत नाही, आणि माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं बघायचा भाग काचेच्या तळाशी, म्हणून हनुवटी वर करून वाचावं लागायचं आणि संध्याकाळी मान आखडायची. मॉनिटरखाली पंचांग आणि दोन जुनी कॅटलॉग ठेवली होती उंचीला, ती काढली. आता वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली येते, मान सरळ राहते. दुसरी, पडदा चकचकीत नाही, मॅट आहे. एप्रिलमध्ये आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता जे ऊन आत येतं, त्यात चकचकीत पडद्यावर फक्त माझाच चेहरा दिसला असता. उजेड कमी-जास्त करायची बटणं मात्र मागच्या बाजूला आहेत, चाचपडत शोधावी लागतात. पाचपैकी चार द्या, एक तारा त्या बटणांचा कापा.

शेवटच्या काही वर्षांत डिझाइनं संगणकावर आली होती. तेव्हाच्या एका मोराची फाइल माझ्याकडे आहे, ४०० चौकोन रुंद, एक चौकोन म्हणजे एक ठिपका. परवा ती फायरफॉक्समध्ये ओढून टाकली तर पिसाऱ्याच्या कडा मऊ दिसल्या. विंडोजचं १२५ टक्के तिलाही लागलं होतं, चार चौकोनांचे पाच झाले होते. कंट्रोल आणि उणे, दोनदा. ८० टक्के. सव्वापटीचे ८० टक्के म्हणजे बरोबर एक. प्रत्येक चौकोन आपापल्या ठिपक्यावर जाऊन बसला आणि मोर धारदार झाला. बायकोला हाक मारली. ती चटणीचे हात पदराला पुसत आली, जवळ वाकून बघितलं.

“एवढासा?”

साडेचार इंचही नव्हता. चादरीवर तो दीड हात होता.