अ‍ॅप लोकांना वापरता येतंय का हे कळायला त्यांना विचारावं, की ते वापरताना बघत बसावं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांसाठी अ‍ॅप करताना दोन्ही करून पाहिलं. गप्पांत सगळे म्हणाले, "सोपं आहे की!" मग एका काकांच्या हातात फोन दिला आणि गप्प बसलो. हळदीनं पिवळा झालेला अंगठा 'पुढे' या बटणावर तीनदा घुटमळला, दाबलं मात्र नाही. फिकट राखाडी अक्षरांमुळे ते बटण बंदच आहे असं त्यांना वाटत होतं. मुलाखतीत हे कधीच कळलं नसतं. पाच जणांना वापरताना पाहिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असा हिशेब अ‍ॅप-वेबसाइटची वापरसुलभता अभ्यासणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडला होता. विचारायलाही हवंच, कारण हिशोबपट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) कोण लिहितं, पैसे कधी हातात पडतात, हे नुसतं बघून समजत नाही. पण स्क्रीन तपासायची असेल, तर मी आधी शेजारी बसून बघेन.