मृग नक्षत्रासाठी पन्नासची लेन्स: एक हिवाळा वापरून

वर्तकनगरला आमच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवरून चांगल्या रात्रीही वीस-पंचवीसच तारे दिसतात. त्यात मृग आणि व्याध मात्र ठसठशीत. दिवाळीपासून मी कॅमेऱ्यासोबत आलेल्या किटलेन्सने मृगामागे लागले होते. शटर वीस सेकंद उघडं ठेवलं की तारे रेघा व्हायचे, वेळ कमी केली की दिसायचेच नाहीत. शेवटी डिसेंबरात ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून पन्नास एमएमची, एफ १.८ ची सेकंडहँड लेन्स ५,५०० रुपयांना घेतली.

किटलेन्स पन्नासवर नेली की ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). ही १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळपास दहापट प्रकाश. आता चार सेकंद पुरतात. तारे रेघा होऊ नयेत म्हणून पाचशेला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याने भागायचं, हा नियम लावला तर माझ्या क्रॉप सेन्सरवर (तो लहान असल्याने पन्नासची लेन्स आणखी लांबची ठरते) साडेसहा सेकंद येतात, पण मोठं करून पाहिलं की तेवढ्यातही तारे लांबट झालेले असतात. चारच ठेवा.

खरी परीक्षा फोकसची. ऑटोफोकस काळोखात नुसता पुढे-मागे घुमतो. लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत, आणि रिंग काच थेट न फिरवता मोटरमार्फत हलवते, त्यामुळे अनंताची खूण करून ठेवायचीही सोय नाही. मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, व्याध दहापट मोठा करते आणि रिंग केसभर, केसभर फिरवत राहते. तारा आधी फुगीर गोळा असतो, मग आक्रसत टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. त्या टोकावर परत यायचं आणि हात काढायचा. कॅमेरा बंद केला की सगळं पहिल्यापासून. जानेवारीत एकदा ही तपासणी न करता ऐंशी फोटो काढले, ऐंशीच्या ऐंशी गेले. फार जिवाला लागलं.

१.८ वर कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात. २.८ वर आणलं की पुष्कळ आवरतात, म्हणून मी तिथेच वापरते. दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेला यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेवा. त्याने रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याचं हिरवं भूत फोटोत उमटत होतं. कॅमेरा हलू नये म्हणून शटर दोन सेकंदांच्या टायमरवर टाका, आणि गच्चीवर असाल तर पाण्याचा पंप बंद होईपर्यंत थांबा.

शहराचा उजेड कुठलीच लेन्स कमी करत नाही. म्हणून फेब्रुवारीत अमावास्येच्या सुमारास कर्जत लोकलने वांगणीला गेले. बाबाही आले होते. पहाटेपर्यंत लेन्सवर दव धरत होतं, त्यांचा मफलर गुंडाळून ठेवला. पण तिथे चार सेकंद, २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर मृगातली काक्षी तांबूस आली, राजन्य निळसर, आणि बाणाच्या तीन ताऱ्यांखाली गुलाबी धुक्याचा एक ठिपका! मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो बाबांना दाखवला तर चष्मा वर सरकवून कितीतरी वेळ बघत राहिले.

आकाशगंगेचा अख्खा पट्टा हवा असेल तर ही घेऊ नका, फार अरुंद पडते. त्याला किटलेन्सच १८ वर बरी. मृग, कृत्तिका, रोहिणी यांच्यासाठी मी हीच घेईन, आणि उरलेल्या पैशांत जड ट्रायपॉड.