कॉप्टिक शिकतेय: काही महिन्यांनंतरचा अनुभव (आणि एका रेघेवरून झालेलं भांडण)

कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांची जुनी भाषा. ग्रीक लिपी अधिक डेमोटिकमधून (जुनी, भराभर लिहायची इजिप्शियन लिपी) आलेली सहा-सात अक्षरं, साहिदिक आणि बोहैरिक या तिच्या बोलींपैकी कुठली घ्यायची, या सगळ्यात आत्ता शिरत नाही. मला बोलायचंय ते रेघेबद्दल. साहिदिकमध्ये काही व्यंजनांच्या डोक्यावर एक बारीक आडवी रेघ असते, म्हणजे इथे स्वर लिहिलेला नाही पण या व्यंजनालाच स्वतंत्र उच्चार द्यायचा. 'सोत्म' म्हणजे ऐकणे, त्यातल्या शेवटच्या म वर ती असते. नवशिक्याला शब्द कुठे तोडायचा ते हिच्यावरूनच कळतं, कारण आर्टिकल (इंग्रजी 'द'सारखं), प्रत्यय, क्रियापद सगळं एकाला एक चिकटवून लिहितात.

आणि मी जे रीप्रिंट मागवलं, जुनं कॉपीराइट संपलेलं व्याकरण, साडेनऊशे रुपये मोजून, त्यात ही रेघच गायब! म्हणजे एका ओळीत आहे, पुढच्या ओळीत अर्धी, मग पानभर नाहीच. कोणीतरी स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवलाय आणि बारीक रेघा सगळ्या उडाल्यात. फोटो काढून पाठवले तर कस्टमर केअर म्हणतं, "मॅडम, पेज मिसिंग असेल तरच रिटर्न." अहो पानं आहेत, पानावरच्या रेघा नाहीत. "म्हणजे प्रिंट दिसत नाहीये का?" दिसतंय. "मग मॅडम?" आता काय बोलणार, तिकीट क्लोज.

मग पेन्सिल घेऊन बसले आणि कॉप्टिक स्क्रिप्टोरियमवरचे मजकूर बघून रेघा समजून घेत हातानेच भरायला लागले. ही साइट फुकट आहे हो! साहिदिक मजकूर, एकेका शब्दाची फोड, क्लिक केलं की थेट ऑनलाइन डिक्शनरी उघडते. एवढं फुकट मिळत असताना मी साडेनऊशे का घातले हे घरात अजून विचारलं जातं. फोनवर मात्र इथेही रेघ शेजारच्या अक्षरावर सरकते, आणि त्यात युनिकोडने (कंप्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणारं मानक) २००५ मध्ये कॉप्टिकला वेगळा ब्लॉक दिला तेव्हा डेमोटिकवाली अक्षरं जुन्या ग्रीक ब्लॉकमध्येच राहिली, त्यामुळे फॉन्ट नीट नसेल तर 'शाय' आणि 'फाय' ही त्यातली अक्षरं दुसऱ्याच घरातून आल्यासारखी दिसतात. अँटिनू फॉन्ट टाका, तोही फुकट, लॅपटॉपवर प्रश्न मिटतो.

क्रम (Crum) नावाच्या अभ्यासकाची कॉप्टिक डिक्शनरी (१९३९) स्कॅनमध्ये मिळते, पण तिच्यातला शब्दांचा क्रमच डोकं फिरवतो. आधी व्यंजनं बघायची, स्वर नंतर. वर ग्रीकमधून आलेले शब्द तिच्यात नाहीत आणि कॉप्टिकमध्ये ते पावलोपावली. पहिला महिना नुसत्या शिव्या घातल्या. आता वाटतं दुसरा इलाज नव्हता, कारण '(घर) बांधणे' हा एकच धातू पुढे काय येतंय त्यावरून कोत, केत, कॉत असा स्वर बदलत फिरतो, स्वरांवर लावला असता तर एका घरातली माणसं तीन गावांना गेली असती.

उच्चारांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. यूट्यूबवर ऐकायला मिळतं ते चर्चमधलं बोहैरिक, तेही बहुतेक एकोणिसाव्या शतकात कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप सिरिल चौथे यांच्या काळात ग्रीक धर्तीवर सुधारलेल्या उच्चारांत. पुस्तकातलं साहिदिक मी माझ्या मनाने वाचते, टोकायला कोण येणारे.

क्रियापदं मात्र पैसा वसूल. अफ्सोत्म, त्याने ऐकलं. म्पेफ्सोत्म, नाही ऐकलं. म्पात्फ्सोत्म, अजून ऐकलेलं नाही. शान्त्फ्सोत्म, तो ऐकेपर्यंत. शेपूट हलत नाही, सगळी कसरत पुढच्या तोंडाला, आपल्या अगदी उलट. हे एकदा बसलं की वाक्यं धडाधड फुटायला लागतात, मी रात्री बारापर्यंत जागलेय याच्यापायी.

अपडेट: हे लिहून ठेवलं होतं, मधे हस्तलिखितांचे फोटो बघितले. इजिप्तमधल्या फयूम भागात हामुलीला १९१० साली सापडलेली, बरीचशी नवव्या-दहाव्या शतकातली, आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत असलेली. आणि बघते तर काय, लिपिकसुद्धा (म्हणजे हाताने पोथ्या उतरवणारे) रेघ कुठे दोन अक्षरांच्या मधोमध ओढतात, कुठे नुसता ठिपक्याएवढा फटकारा! म्हणजे रेघेवर सगळं अवलंबून आहे हे माझं म्हणणं जरा जास्तच होतं, सवय झाली की नसली तरी वाचता येतं. पण लिपिकांनी माझ्याकडून साडेनऊशे घेतले नव्हते.

भाषेला साडेचार स्टार, अर्धा उच्चारांच्या घोळासाठी कापलाय. रीप्रिंटला एक, तोही कागद बरा आहे म्हणून. घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडून कव्हरचा नको, आतल्या क्रियापदाच्या तक्त्याचा फोटो मागवा, म वर रेघ दिसली तरच पैसे भरा.