आठ महिने रस्टडेस्क : दुकान अमळनेरात, माउस जळगावात

रस्टडेस्क म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या जागी बसून चालवू देणारं सॉफ्टवेअर. कृषी केंद्रांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. दुकानं अमळनेर, पारोळा, चोपड्याला आणि मी जळगावात. कपाशीच्या बियाण्याचा सीझन लागला की साधा प्रिंटर अडला तरी गाडी काढावी लागायची. आधीचं फुकटचं रिमोट सॉफ्टवेअर (नाव नको) ऐन गर्दीत ‘तुम्ही धंद्यासाठी वापरताय’ म्हणून जोडणी तोडायचं. म्हणणं खरंच होतं म्हणा!

रस्टडेस्क टाकलं त्याच दिवशी अमळनेरचे दुकानदार आप्पा फोनवर ओरडले, "भाऊ, माउस आपोआप चाली राह्यना!" त्यांच्याकडून आयडी (जोडणीसाठी लागणारा त्यांच्या मशीनचा नंबर) वाचून घेणं हा वेगळाच कार्यक्रम. गिऱ्हाइकांच्या गलक्यात एकोणसाठ की एकोणसत्तर, कळायचं नाही. मग सुटे आकडे वाचायला लावले. पुढे त्यांना विचारून कायमचा पासवर्डच ठेवला.

एक चूक माझी. सुरुवातीला इन्स्टॉल न करता नुसतंच चालवलं. विंडोजने परवानगी विचारली की माझं काम तिथेच अडायचं, ‘येस’ दाबायला आप्पाच हवेत. इन्स्टॉल केल्यापासून ते बटण मीच दाबतो.

रस्टडेस्कचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे जोडणी करून देणारा सर्व्हरही स्वतःचा उभा करता येतो. दुकानदारांचे हिशेब आपल्याच सर्व्हरवरून जावेत म्हणून छोटं व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचं मशीन, भाड्याने घेतलं. सर्व्हरचे दोन भाग. एचबीबीएस दोन मशीनची गाठ घालून देतं. थेट जोडणी जमली नाही तर डेटा दुसऱ्या भागातून, एचबीबीआरमधून जातो. त्यासाठी सर्व्हरचे पोर्ट, म्हणजे डेटा ये-जा करायची दारं, उघडावी लागतात. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. टीसीपीचे २१११५ ते २१११७ पोर्ट उघडले, पण यूडीपी २१११६ विसरलो. आयडी नोंदलाच जाईना, अर्धी रात्र त्यात गेली. सर्व्हरची पब्लिक की (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) प्रत्येक मशीनवर टाकावी लागते, तेही काम धरून चाला.

विजेपुढे मात्र इलाज नाही. लाइट गेली की दुकानातलं मशीन बंद, आणि बंद मशीनला इथून हात लावता येत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावली आणि स्लीप बंद केलं, तेव्हा निभलं.

मध्यंतरी आप्पांच्या पुतण्याला ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका’ असा फोन आला. ॲप असंच, दुरून ताबा घेऊ देणारं. थोडक्यात वाचला. तेव्हापासून प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली आहे : आयडी कोणालाही सांगू नये. आप्पांनी खाली पेनाने माझा नंबर लिहिलाय. आता जीएसटीची शंका आली तरी मलाच फोन येतो.